लघुविमानांची इलेक्ट्रॉनीय साधने व त्यांच्या कार्यशाळा

लघुविमानांची इलेक्ट्रॉनीय साधने व त्यांच्या कार्यशाळा : खाजगी मालकीच्या, बहुधा एका एंजिनाच्या व दोन ते सहा आसनांच्या विमानात संदेशवहन, मार्गनिर्देशन, विमानाची स्थिती व उंची दर्शविणे आणि भूनियंत्रकास विमानाची ओळख पटविणे या कामांसाठी जी साधने बसविलेली असतात, त्यांचा अंतर्भाव विमान इलेक्ट्रॉनिकी या तंत्रशाखेत होतो. ‘एव्हिऑनिक्स’ ही इंग्रजी संज्ञा फिलिप जे. क्लास या अमेरिकन पत्रकाराने १९४९ मध्ये प्रथम योजिली. लघुविमानाचा सांगाडा योग्य निगा राखल्यास चाळीस-पन्नास वर्षे टिकतो व एंजिनाची ठराविक तासांनंतर पुनर्बांधणी करता येते. इलेक्ट्रॉनीय साधने मात्र त्या मानाने फार लवकर कालबाह्य होतात. त्यामुळे अशा विमानाच्या आयुष्यात साधने बदलण्याचा प्रसंग दोन-तीन वेळा तरी येतो. त्या वेळी कोणते साधन घ्यावे व ते कोणत्या कार्यशाळेकडून बसवून घ्यावे, असे दोन प्रश्न मालकापुढे उभे राहतात. चर्चा पहिल्या प्रश्नाचीच अधिक होते. तथापि या साधनांचा इतिहास पाहिल्यास दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व उत्तरोत्तर वाढत गेल्याचे दिसून येते.

प्रारंभीचा काळ : भारतातील नागरी विमानविद्येचा प्रारंभ ज्या ठिकाणी झाला, त्यांपैकी मुंबईचे जुहू हे प्रमुख होय. जुहू विमानतळ व बाँबे फ्लाइंग क्लब ही दोन्ही १९२८ मधील. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळाला; भारतात दिला गेलेला हा पहिलाच परवाना होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी पस मॉथ जातीच्या लहान विमानातून कराची ते जुहू अशी टपाल आणली. वाटेत अहमदाबादला बैलगाडीतून आणलेल्या डब्यांतून इंधन भरण्यात आले. या विमानात रेडिओ नव्हता व वाटेत मार्गदर्शक दीपही नव्हते. होकायंत्र, वेगदर्शक, उंचीमापक व एंजिनाची मोजकी उपकरणे एवढ्यावर आणि जमिनीवरील नद्या, रेल्वेमार्ग व समुद्रकिनारा यांच्या खुणांवर वैमानिकाची भिस्त असे. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जात असल्याने टपालसेवेचे ठाणे पुण्यास हलवावे लागे.

जुहू व पुणे यांमधील हवाई अंतर सु. १३० किमी. आहे. या दोन ठिकाणांना जोडणारी सरळ रेषा जुहूपासून सु. ३० किमी. वर पनवेल व त्यालगतच्या विचुंबे गावाच्या परिसरावरून जाते आणि पुढे माथेरान-प्रबळगडाचे डोंगर एका बाजूस ठेवून बोरघाटाशी सह्याद्रीस भिडते. समुद्रसपाटीजवळच्या भातखाचरांवरून सु. ६०० मी. उंचीच्या पठारावर जाणारा हा टप्पा स्वच्छ हवेत जेमतेम तासाभराचा आहे. पावसाळ्यात मात्र घाटमाथा ढगात बुडतो आणि केवळ डोळ्यांवर विसंबणाऱ्या वैमानिकास पनवेलजवळून परत फिरण्यावाचून गत्यंतर उरत नाही. लघुविमानात साधने कशासाठी हवीत, या प्रश्नाचे उत्तर या छोट्या टप्प्यात सापडते.

ढगात शिरलेल्या वैमानिकास आपले विमान कलले आहे की सरळ आहे, हे शरीराच्या जाणिवेवरून कळत नाही. ही उणीव घूर्णीवर आधारलेल्या उपकरणांनी भरून काढली. २४ सप्टेंबर १९२९ रोजी जेम्स डूलिटल यांनी अमेरिकेत लाँग आयलंड येथे झाकलेल्या कक्षात बसून, बाहेर न पाहता उड्डाण व अवतरण करून दाखविले. स्पेरी यांचे कृत्रिम क्षितिज व दिक्‌दर्शक घूर्णी, कोल्झमन यांचा सूक्ष्मग्राही उंचीमापक आणि रेडिओ शलाका यांचा उपयोग त्यांनी केला. पुढे ही उपकरणे लघुविमानांतही रूढ झाली. त्यांतील घूर्णी बहुधा एंजिनावर चालणाऱ्या निर्वात पंपाने फिरत असे. उपकरण उघडून पाहता येई व बिघाड कुशल कारागिराच्या हाताला व कानाला कळे. त्यामुळे वेगळी इलेक्ट्रॉनीय कार्यशाळा ही कल्पना त्या काळी उद्भवली नाही. एंजिन दुरुस्त करणारा यांत्रिकच उपकरणांचीही निगा राखी.

रेडिओचे युग : दुसऱ्या महायुद्धात विमानातील रेडिओ साधनांची मोठी प्रगती झाली व युद्धानंतर ती नागरी विमानांत आली. संदेशवहनासाठी ११८ मेगॅहर्ट्‌झपासून पुढील अतिउच्च कंप्रतांचा पट्टा आंतरराष्ट्रीय संकेताने राखून ठेवण्यात आला व त्याखालील १०८ ते ११८ मेगॅहर्ट्‌झ हा पट्टा मार्गनिर्देशनाकडे गेला. या पट्ट्यात चालणारे सर्वदिशी रेडिओ प्रक्षेपक १९५० नंतर जगभर उभारले गेले. विमानातील ग्राही अशा प्रक्षेपकापासूनची आपली दिशा अंशांत दाखवितो. त्याहून जुना स्वयंचलित दिशाशोधक मध्यम कंप्रतेच्या साध्या प्रक्षेपकाकडे काटा वळवीत असे.

अतिउच्च कंप्रतेच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. त्यामुळे समुद्रसपाटीपासून ३०० मी. उंचीवरील विमानास सपाट प्रदेशात सु. ७० किमी. पर्यंतचाच संदेश मिळू शकतो आणि मध्ये डोंगर आल्यास त्याहूनही कमी. मुंबईच्या केंद्राशी बोलत निघालेले लहान विमान सह्याद्रीच्या आड गेले की संपर्क तुटतो, तो यामुळेच. येथे प्रेषकाची शक्ती वाढविण्यापेक्षा आकाशक कोठे बसविला आहे, त्याच्या तळाशी धातूचा चांगला जोड आहे की नाही व समाक्ष तारेच्या जोडणीत ओल शिरली आहे काय, या गोष्टींना अधिक महत्त्व असते. उत्तम साधन सदोष रीतीने बसविल्यास निरुपयोगी ठरते, हा अनुभव या काळात प्रथम आला. १९५७ मध्ये अमेरिकेत विमान इलेक्ट्रॉनिकीच्या कार्यशाळांची स्वतंत्र संघटना स्थापन झाली, यावरून हा व्यवसाय तोवर एंजिनाच्या कामापासून वेगळा झाला होता, हे दिसते.

दृष्टीवर विसंबण्यातील धोका मुंबईत दोनदा प्रकर्षाने दिसून आला. १५ जुलै १९५३ रोजी ब्रिटिश कंपनीचे कॉमेट जातीचे जेट विमान व २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे डीसी-८ विमान सांताक्रूझऐवजी चुकून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले. पहिले विमान काही दिवसांनी उडवून नेता आले. दुसरे धावपट्टीबाहेर जाऊन दुरुस्तीपलीकडे मोडले. दोन्ही प्रसंगी जीवितहानी झाली नाही. अनुभवी वैमानिक व मोठी विमाने असूनही शेजारच्या दोन धावपट्ट्यांत भ्रम होऊ शकतो, तर एकट्या वैमानिकाच्या लघुविमानास साधनांची गरज किती असेल, याची यावरून कल्पना येते.

ट्रँझिस्टर व संकलित मंडले : निर्वात नलिकांची साधने जड असत व फार विद्युत् शक्ती खात. हलक्या विमानांची विद्युत् व्यवस्था अत्यंत मर्यादित असे. हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याने बनविलेले व १९५८ मध्ये प्रथम उडालेले पुष्पक हे दोन आसनी विमान भारतातील फ्लाइंग क्लबांत दीर्घकाळ वापरात होते. अशा विमानात रेडिओ बसवावयाचा म्हणजे विद्युत् पुरवठा, वजन व जागा या तिन्हींचा मेळ घालावा लागे. १९६० नंतर ट्रँझिस्टरांमुळे ही अडचण कमी झाली. अमेरिकेत नार्को (स्थापना १९४५) व किंग रेडिओ (स्थापना १९५९) या कंपन्यांनी संदेशवहन व मार्गनिर्देशन एकाच पेटीत आणणारी साधने लघुविमानांसाठी तयार केली. सेस्ना, पायपर इ. विमानांबरोबर ती भारतातही आली.

कंप्रतांमधील अंतर जसजसे कमी करण्यात आले, तसतशी साधने बदलणे भाग पडले. ११८ ते १३६ मेगॅहर्ट्‌झ या पट्ट्यात ५० किलोहर्ट्‌झ अंतराने ३६० मार्ग मिळत. अंतर २५ किलोहर्ट्‌झवर आल्यावर ते ७२० झाले आणि पट्टा १३७ मेगॅहर्ट्‌झपर्यंत वाढविल्यावर ७६०. जुनी ३६० मार्गांची पेटी उत्तम चालत असली, तरी नव्या कंप्रता तिला लावता येत नसत. साधन न बिघडता कालबाह्य होते, ही गोष्ट विमानमालकांना यामुळे प्रथम उमगली.

पेटी सरकवून काढता व बसविता येऊ लागल्याने दुरुस्तीचे स्वरूपही पालटले. विमानात दोष शोधण्याऐवजी पेटी काढून चाचणी-मेजावर तपासणे व सदोष भाग बदलणे ही पद्धत रूढ झाली. तथापि दोष अनेकदा पेटीत नसून तिच्यामागील तारांत, जोडण्यांत वा भूयोजनात असतो. जी कार्यशाळा केवळ पेट्या बदलते, तिच्याकडून असा दोष सुटत नाही व मालकाचा खर्च मात्र वाढत जातो. नार्को कंपनी २०११ मध्ये बंद पडली. तेव्हापासून तिच्या साधनांना सुटे भाग मिळणे जुन्या साठ्यांवर अवलंबून राहिले. साधनाच्या निर्मात्याचे आयुष्य विमानाच्या आयुष्यापेक्षा कमी असू शकते, हे यावरून दिसते.

उंची कळविणारा प्रतिसादक : भूमीवरील दुय्यम रडार १०३० मेगॅहर्ट्‌झवर विचारणा करते व विमानातील प्रतिसादक १०९० मेगॅहर्ट्‌झवर उत्तर देतो. उत्तरात चार अंकी संकेतांक असतो. प्रत्येक अंक शून्य ते सात यांपैकीच असल्याने एकूण ४,०९६ संकेतांक होतात. पुढील प्रकारच्या प्रतिसादकांतून विमानाची उंचीही १०० फुटांच्या टप्प्यांनी कळविली जाते. या साधनाचे मोल भारतास फार मोठी किंमत देऊन कळले. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरयाणातील चरखी दादरीजवळ सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ व कझाकस्तानचे इल्यूशिन-७६ ही विमाने हवेत एकमेकांवर आदळली व दोन्ही विमानांतील सर्व ३४९ जण मृत्युमुखी पडले. सौदी विमानास १४,००० फूट व समोरून येणाऱ्या कझाक विमानास १५,००० फूट उंची नेमून दिली होती. कझाक विमान त्याखाली उतरले. दिल्लीच्या नियंत्रकांपुढे त्या वेळी प्राथमिक रडार असल्याने विमानांची प्रत्यक्ष उंची त्यांना दिसत नव्हती. यानंतर भारतात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवासी विमानांवर टक्करप्रतिबंधक योजना सक्तीची करण्यात आली.

ही योजना समोरच्या विमानातील प्रतिसादकाच्या उत्तरावर चालते. ज्या लघुविमानाचा प्रतिसादक बंद आहे वा चुकीची उंची कळवितो, ते प्रवासी विमानाच्या यंत्रणेस एक तर दिसत नाही किंवा भलत्या ठिकाणी दिसते. खाजगी मालकाने कार्यशाळा निवडण्यात केलेली हयगय त्याच्यापुरती मर्यादित राहत नाही, ती यामुळे. प्रतिसादकास उंची पुरविणारा संकेतक व वैमानिकापुढील उंचीमापक यांचा मेळ दाबाच्या प्रमाणित उपकरणाने तपासून पाहणे हे अशा कार्यशाळेचे एक मूलभूत काम होय.

उपग्रह व दर्शकपट : जागतिक स्थाननिर्धारण प्रणाली १९९५ मध्ये पूर्णपणे कार्यान्वित झाली. नागरी संकेतांत हेतुतः ठेवलेली अचूकतेची मर्यादा अमेरिकेने मे २००० मध्ये काढून टाकली. किंग रेडिओत पूर्वी काम केलेल्या गॅरी बरेल व मिन काओ यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या गार्मिन या कंपनीने १९९८ मध्ये जीएनएस ४३० हे साधन आणले. त्यात संदेशवहन, रेडिओ मार्गनिर्देशन व उपग्रहीय नकाशा एकत्र होते. २००४ पासून सेस्ना व इतर लघुविमाने मोठ्या दर्शकपटांसह कारखान्यातूनच बाहेर पडू लागली. जुन्या विमानांच्या मालकांनाही तशी साधने हवीशी वाटू लागली आणि साधने बदलण्याच्या व्यवसायास जोर आला. २०१६ मध्ये अमेरिकेने प्रायोगिक विमानांसाठी बनविलेली काही स्वस्त इलेक्ट्रॉनीय क्षितिजदर्शके प्रमाणित लघुविमानांत बसविण्यास परवानगी दिली. त्यामुळे निर्वात पंप काढून टाकणे अनेकांना परवडू लागले.

भारतात भारतीय विमानतळ प्राधिकरण व भारतीय अंतराळ संशोधन संस्था यांनी गगन ही उपग्रहाधारित वर्धन प्रणाली उभारली. जीसॅट-८, जीसॅट-१० व जीसॅट-१५ या उपग्रहांवरून तिचे दुरुस्ती-संकेत प्रक्षेपित होतात. ३० डिसेंबर २०१३ रोजी तिला मार्गक्रमणासाठी व २१ एप्रिल २०१५ रोजी उभ्या मार्गदर्शनासह अवतरणाकडे नेणाऱ्या उड्डाणासाठी प्रमाणित करण्यात आले. १ जुलै २०२१ पासून भारतात नव्याने नोंदल्या जाणाऱ्या विमानांत गगनयोग्य साधन असावे, अशी तरतूद करण्यात आली. ज्या लहान धावपट्ट्यांवर भूस्थित अवतरण-प्रणाली नाही, त्यांच्या दृष्टीने ही सोय विशेष मोलाची आहे. नवे साधन घेताना ते गगनचे संकेत स्वीकारते किंवा नाही, हे पाहणे यामुळे आवश्यक झाले.

आपत्कालीन स्थानदर्शक प्रेषकाच्या बाबतीतही असाच बदल झाला. कॉस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय योजनेच्या उपग्रहांनी १ फेब्रुवारी २००९ पासून १२१·५ मेगॅहर्ट्‌झवरील संकेतांची दखल घेणे बंद केले. केवळ ४०६ मेगॅहर्ट्‌झचे अंकीय संकेतच तेव्हापासून ग्राह्य धरले जातात. या संकेतात विमानाची ओळख अंतर्भूत असते. ती चुकीची भरली गेल्यास अपघातानंतर शोधपथक दुसऱ्याच विमानाच्या मालकाकडे चौकशी करीत राहील. पेटी योग्य, आकाशक योग्य, परंतु नोंद चुकीची, असा हा दोष कार्यशाळेच्या काटेकोरपणाशिवाय टळत नाही.

कायदा व मान्यता : भारतात विमानावरील कोणतेही काम १९३४ च्या विमान अधिनियमाच्या व १९३७ च्या विमान नियमांच्या चौकटीत होत असे. १ जानेवारी २०२५ पासून त्या अधिनियमाच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ अंमलात आला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय कार्यशाळांना मान्यता देते. या मान्यतेत कामाचे वर्ग नमूद असतात. उदा., ए-२ हा वर्ग ५,७०० किग्रॅ. पर्यंतच्या विमानांचा, तर सी-३ हा संदेशवहन व मार्गनिर्देशन साधनांचा आहे. एखाद्या संस्थेस मान्यता आहे, एवढ्याने ती विशिष्ट विमानावर विशिष्ट काम करू शकते, असे ठरत नाही. पूर्वी विद्युत्, उपकरणे व रेडिओ या शाखांचे परवाने वेगवेगळे असत. सध्याच्या पद्धतीत विमान इलेक्ट्रॉनिकीचे काम बी-२ वर्गाच्या परवान्यात येते.

प्रकार-प्रमाणपत्र असलेल्या विमानात नवे साधन बसविणे म्हणजे मूळ आराखड्यात बदल करणे होय. त्यासाठी पूरक प्रकार-प्रमाणपत्र किंवा अन्य मान्य तांत्रिक आधार लागतो व परदेशी प्रमाणपत्राचा आधार घेतल्यास त्यास भारतात मान्यता मिळणे आवश्यक असते. विमानातील बिनतारी साधनांचा परवाना दूरसंचार खात्याकडून वेगळा घ्यावा लागतो. स्वनिर्मित विमानांची वाट याहून निराळी आहे. मुंबईच्या कांदिवली उपनगरात घराच्या गच्चीवर विमान बांधणारे वैमानिक अमोल यादव यांच्या विमानाची नोंदणी २०१७ मध्ये झाली व उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये मिळाली. प्रमाणित विमानाच्या मालकास साधन निवडण्याचे तेवढे स्वातंत्र्य नसते. कागदपत्रांची सिद्धता कार्यशाळेकडूनच करून घ्यावी लागते.

कार्यशाळेची निवड : वरील इतिहासातून निवडीची काही गमके निष्पन्न होतात. पहिले गमक अधिकारमर्यादेचे. कार्यशाळेच्या मान्यतापत्रात विमानाचा वर्ग, साधनाचा वर्ग व कामाचे स्थळ नमूद आहे काय, हे प्रथम पाहावे लागते. दुसरे अनुभवाचे. त्याच जातीच्या विमानात तेच साधन पूर्वी बसविले असल्यास तारांचे आराखडे, आकाशकांच्या जागा व फळ्यांची मापे तयार असतात. पहिल्यांदाच होणाऱ्या कामाचा वेळ व खर्च यांचा अंदाज सहसा चुकतो. जुने स्वयंचलित चालक-उपकरण विमानात असेल, तर त्याचा नव्या क्षितिजदर्शकाशी मेळ बसेल किंवा नाही, हे काम हाती घेण्यापूर्वीच स्पष्ट झाले पाहिजे.

तिसरे गमक मापनसाधनांचे. प्रतिसादक, दाबनलिका व रेडिओ यांची तपासणी करणारी उपकरणे कार्यशाळेत आहेत काय व त्यांचे प्रमाणीकरण मुदतीत झाले आहे काय, हे विचारण्याचा मालकास अधिकार आहे. चौथे विद्युत् भाराचे. सर्व साधने एकाच वेळी चालू असता लागणारा प्रवाह प्रत्यावर्तकाच्या क्षमतेत बसतो काय आणि प्रत्यावर्तक बंद पडल्यास घटमाला किती वेळ पुरेल, याचे लेखी गणित कार्यशाळेने द्यावयास हवे. निर्वात पंप काढून सर्व भिस्त विजेवर ठेवल्यावर या गणितास जीवनमरणाचे महत्त्व येते. क्षितिजदर्शकास स्वतःची राखीव घटमाला असणे त्यामुळेच जरूरीचे ठरते. जुनी पेटी काढून नवी बसविल्यावर विमानाचे वजन व गुरुत्वमध्य बदलतो, म्हणून पुन्हा वजन करून वा हिशेब मांडून त्याची नोंद करावी लागते.

पाचवे गमक दिसत नसलेल्या कामाचे. उपकरणफळीचा दर्शनी भाग सर्वच कार्यशाळांत नेटका दिसतो. फरक तिच्या मागे असतो. तारांना क्रमांक दिलेले आहेत काय, त्या हलत्या नियंत्रणदंडांपासून दूर बांधल्या आहेत काय, निरुपयोगी जुन्या तारा काढून टाकल्या आहेत काय, या गोष्टी पाहण्यासाठी त्या कार्यशाळेत काम चालू असलेले दुसरे विमान पाहणे हा उत्तम मार्ग होय. कोकण किनाऱ्यावर खारी व दमट हवा जोडण्यांचे फार लवकर क्षरण करते. म्हणून जोडण्यांचा प्रकार, आकाशकाच्या तळाची जलाभेद्यता व भूयोजनाचे बिंदू यांकडे येथे अधिक लक्ष पुरवावे लागते. सहावे गमक कराराचे. कामाची यादी, मुदत, आयात होणाऱ्या भागांचा खर्च, वाढीव कामास मालकाची संमती आणि हमीच्या काळात दोष आल्यास विमान कोठे न्यावयाचे, या बाबी लेखी असाव्यात. सर्वांत कमी दर हे निवडीचे कारण क्वचितच पुरेसे ठरते. फळी उघडून ठेवलेले विमान उडू शकत नाही व अर्धवट काम दुसऱ्या कार्यशाळेकडे सोपविता येणेही कठीण असते.

महाराष्ट्रातील परिस्थिती : लघुविमानांच्या देखभालीचा व्यवसाय महाराष्ट्रात जुहूभोवती वाढला. इंडामेर ही कंपनी १९४७ पासूनची, तर एअर वर्क्स ही १९५१ मध्ये मुंबईत स्थापन झाली. पुढे हा व्यवसाय मुख्यतः व्यापारी जेट विमाने, हेलिकॉप्टरे व मोठी प्रवासी विमाने यांकडे वळला. एअर वर्क्सने तमिळनाडूतील होसूर येथे मोठे केंद्र उभारले; या कंपनीतील बहुसंख्य भाग विकत घेण्याचा करार अदानी समूहाने डिसेंबर २०२४ मध्ये केला. नागपूरच्या मिहान प्रकल्पातही मोठ्या विमानांच्या देखभालीची केंद्रे आहेत. बाँबे फ्लाइंग क्लबचे उड्डाण-प्रशिक्षण धुळे येथे गेले. बारामती, गोंदिया इ. ठिकाणी प्रशिक्षणसंस्था आहेत व राज्यातील लहान विमाने आता प्रामुख्याने अशा संस्थांकडे आहेत. एकाच जातीची अनेक विमाने असल्याने संस्थेस साधनांचा साठा व स्वतःचे अभियंते ठेवणे परवडते. एकट्या खाजगी मालकास मात्र विमान परगावच्या कार्यशाळेपर्यंत उडवीत न्यावे लागते. १५ जुलै २०२४ पासून विमानांच्या सुट्या भागांवर एकसमान ५ टक्के एकात्मिक कर लागू करण्यात आल्याने आयातीतील दरांची गुंतागुंत कमी झाली. कार्यशाळांची विरळता मात्र करसवलतीने दूर होणारी नाही.

या प्रश्नास पनवेल परिसरात नवे परिमाण लाभले आहे. पनवेल तालुक्यातील नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले व २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी वाहतूक सुरू झाली. विचुंबे-पनवेलवरील जे आकाश १९३२ च्या सुमारास टपालविमानाला जवळजवळ रिकामे मिळत होते, ते आता दोन मोठ्या विमानतळांच्या नियंत्रित क्षेत्रांशी निगडित झाले आहे. येथे येणाऱ्या लघुविमानाची उंची, ओळख व स्थान नियंत्रकास अचूक कळणे ही इतर शेकडो प्रवाशांच्या सुरक्षिततेची बाब आहे.

जे. आर. डी. टाटा यांनी १९३२ च्या उड्डाणाची पुनरावृत्ती १९६२ मध्ये व पुन्हा १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, लेपर्ड मॉथ या तशाच लहान विमानातून केली. पन्नास वर्षांनंतरही तसे विमान उडू शकते, ही गोष्ट सांगाड्याच्या व एंजिनाच्या निगेची साक्ष देते. इलेक्ट्रॉनीय साधनांच्या बाबतीत असे सातत्य केवळ नोंदींनी राखता येते. तारांचा अद्ययावत आराखडा, विद्युत् भाराचे गणित, वजनाचा तक्ता, चाचण्यांचे निकाल व मान्यतेची कागदपत्रे ही कार्यशाळेने कामाअखेर मालकाच्या स्वाधीन करावयाची असतात. विमान पुढे विकले गेले किंवा मूळ कार्यशाळा बंद पडली, तरी त्यांच्या आधारे दुसरा अभियंता फळीमागील काम समजू शकतो. ज्या विमानाबरोबर अशा नोंदी नसतात, त्यातील साधने बदलताना पुढील कार्यशाळेस सर्व तारा काढून मुळापासून प्रारंभ करावा लागतो.